काळा पडदा, एक नग

दिनांक : १९ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. सहायक संचालक (आस्थापना व भांडार),
राज्य समन्वय व अभिलेख कार्यालय,
नवी दिल्ली.

अर्जदार : श्रीमती कादंबरी हेरंब दिवेकर, अभिलेखपाल, रा. मयूर विहार, दिल्ली.

विषय : अभिलेख कक्षाच्या झरोक्यावर डकवलेली कु. रेवती दिवेकर हिच्या जबड्याची एक्स-रे फिल्म काढून मिळणेबाबत, व त्याअनुषंगाने खुलासा.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २५ ऑगस्टचा अर्ज.
२) आपले दि. १० सप्टेंबरचे पत्र : मुद्दे (अ), (ब) व (क) यांवर तीन दिवसांत खुलासा मागविणारे.

महोदय,

१. आपले पत्र हाती पडून आज नऊ दिवस झाले. उशीर झाला, हे अर्जदाराला मान्य आहे. एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिने इतरांच्या अर्जांवर "त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावा" हा शेरा शेकडो वेळा मारला. तो स्वतःच्या अर्जावर वाचताना काय वाटते ते आता कळले. अर्जात "मी, माझे" लिहू नये, "अर्जदार" लिहावे, ही शिस्तही या शाखेला तिनेच लावली, म्हणून ती इथे पाळली आहे. निदान तेवढे तरी नीट व्हावे.

२. प्रथम वस्तुस्थिती. अर्जदाराची मुलगी रेवती पंधरा वर्षांची असून दहावीत शिकते. तिचे वरचे दात पुढे आलेले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये लक्ष्मीनगरच्या एका दंतवैद्याने ते मागे घेण्यासाठी तारा बसवल्या, आणि जागा व्हावी म्हणून वरच्या दोन्ही बाजूंची एकेक लहान दाढ काढली. तारा लावण्यापूर्वी पूर्ण जबड्याचा एक एक्स-रे काढला व त्याची एकुलती एक फिल्म अर्जदाराच्या हातात दिली. हीच ती फिल्म. पुढे सव्वादोन वर्षे दर महिन्याला तार आवळली गेली, पण दुसरा एक्स-रे एकदाही काढला नाही. या मे महिन्यात तो दवाखाना बंद पडला. डॉक्टरांचा फोन लागत नाही, त्यांचा संगणक कुठे गेला कोणाला ठाऊक नाही, आणि त्या गाळ्यात आता मोमो मिळतात.

३. जुलैत रेवतीला मयूर विहारमधील डॉ. मैत्रेयी सान्याल यांच्याकडे नेले. त्यांनी आधी नवा एक्स-रे काढला आणि संगणकावर उघडून मोठा केला. वरच्या समोरच्या दोन दातांची मुळे आखूड होती. टोके वापरलेल्या पेन्सिलीसारखी बोथट. मग त्यांनी नीट समजावून सांगितले. तारेच्या जोराने दात सरकतो तेव्हा एका बाजूचे हाड विरते आणि दुसऱ्या बाजूला नवे भरते. पण हे होत असताना कधीकधी शरीर दाताचे मूळही कुरतडते. थोडेसे बहुतेकांचे झिजते, त्याने काही बिघडत नाही. फार झिजले की दात हलायला लागतो. गेलेले मूळ पुन्हा वाढत नाही, मात्र जोर थांबवला की कुरतडणेही बहुधा थांबते. "और इसमें दर्द नहीं होता, यही तो मुसीबत है," असे त्या म्हणाल्या. ते वाक्य अर्जदाराच्या डोक्यातून आजतागायत गेलेले नाही. दुखले असते तर पोर रडली असती, रडली असती तर कोणीतरी बघितले असते.

४. डॉक्टरांनी जोराची तार काढून बारीक, सैल तार घातली. तीन महिने दातांना कोणी ढकलायचे नाही, अशी ताकीद दिली. ७ ऑक्टोबरला समोरच्या दातांचा छोटा एक्स-रे पुन्हा निघेल आणि निर्णय होईल : हलक्या हाताने काम पुढे न्यायचे, की तारा कायमच्या उतरवायच्या, दाढा काढलेल्या जागच्या फटी तशाच राहू द्यायच्या आणि आहेत ते दात मागून बांधून जपायचे. त्यासाठी डॉक्टरांना एकच गोष्ट हवी आहे. ही मुळे आधीपासून आखूड होती, की या सव्वादोन वर्षांत झिजली? सव्वादोन वर्षांत इतकी झिजली असतील तर वेग भयंकर आहे, थांबलेच पाहिजे. आधीपासून आखूड असतील तर कारण वेगळे शोधावे लागेल, आणि कदाचित जपून पुढे जाता येईल. उत्तर जुन्या फिल्मवर आहे. रेवतीचे दोन दात तोंडात राहणार की नाही, हे त्यावर अवलंबून आहे. अर्जदार हौसेने आपल्या मागे लागलेली नाही, साहेब.

५. फिल्म या कार्यालयात कशी आली ते असे. रेवतीच्या दाढा काढायच्या होत्या त्या वेळी अर्जदाराने चार दिवसांची बालसंगोपन रजा मागितली व अर्जासोबत ही अस्सल फिल्म जोडली. रजा मंजूर झाली. कागद "ड" वर्गात गेले, म्हणजे वर्षभर ठेवून नष्ट करायचे. वर्गवारी अर्जदाराची. एप्रिल २०२४ मधील नष्टीकरणाच्या यादीवर सहीही अर्जदाराचीच. कागद कापून रद्दीत गेले. फिल्म प्लास्टिकची, ती यंत्रात जाईना, म्हणून शिपाई श्याम याने ती बाजूला काढून ठेवली. मे महिन्यात पश्चिमेच्या झरोक्यातून ऊन थेट अर्जदाराच्या टेबलावर यायला लागले तेव्हा त्याने ती तिथल्या काचेवर चिकटपट्टीने लावून टाकली. "मैडम की आँखों में धूप आती थी, इसलिए लगा दिया," असे तो सांगतो. त्याने भलेच केले. त्याच्यावर कसलीही कारवाई होऊ नये.

६. मुद्दा (ब) : सदर फिल्मची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत "पडदा" म्हणून का घेण्यात आली? उत्तर लाजिरवाणे आहे पण सरळ आहे. मार्च २०२५ च्या प्रत्यक्ष पडताळणीत अर्जदार यादी करीत खोलीभर फिरली. स्टूल कोण आणणार, म्हणून वर चढली नाही. झरोक्यावर काळे काहीतरी दिसले, ते लिहिले : "अनुक्रमांक २१२, पडदा (काळा, प्लास्टिक), एक नग, स्थिती : वापरात." अक्षर तिचे, सही तिची. पंधरा महिने त्या झरोक्याखाली बसून तिने डबा खाल्ला, नव्या मुलांना नियम शिकवले, श्यामला चहा कमी गोड आणतोस म्हणून रागे भरली, आणि पोटच्या पोरीचा जबडा डोक्यावर होता. आता भांडारपाल म्हणतात की नोंद झालेली वस्तू निर्लेखनाशिवाय, म्हणजे वहीतून रीतसर कमी केल्याशिवाय, हलवता येत नाही, निर्लेखन समिती जानेवारीत बसेल, आणि जी वस्तू वापरात आहे तिचे निर्लेखन होतच नाही. भांडारपालांचे काही चुकत नाही. हा नियम त्यांना अर्जदारानेच शिकवला आहे.

७. फिल्म तिथे आहे हे १९ ऑगस्टला कळले. रजेचे कागद चुकूनमाकून एखाद्या गठ्ठ्यात राहिले असतील, या आशेने अर्जदार वरच्या फळीपर्यंत चढली होती. दुपारचे चार वाजले होते. गठ्ठा घेऊन वळली तर तोंडासमोर, हाताच्या अंतरावर, दातांच्या दोन ओळी. मागून ऊन. ओठ नाहीत, गाल नाहीत, नुसते हसणे. कोपऱ्यात इंग्रजीत नाव, वय तेरा, स्त्री. अर्जदार स्टुलावरून पडली नाही, एवढेच म्हणायचे.

त्या दिवसापासून तिला त्या झरोक्याकडे पाठ करून बसवत नाही आणि तोंड करूनही बसवत नाही. चारच्या सुमाराला त्या दातांची पुसट सावली टेबलावर उतरते आणि उघड्या नोंदवहीवरून हळूहळू सरकत जाते. ती जवळ आली की अर्जदार हात उचलून मांडीवर घेते. श्यामने बिचाऱ्याने वर वर्तमानपत्र लावून दिले. दुसऱ्या दिवशी अर्जदारानेच ते काढले, कारण झाकल्यावर ते जास्तच बघतेय असे वाटायला लागले. मेट्रोत समोरच्या बाकावरच्या माणसांकडे बघवत नाही. मिटलेल्या प्रत्येक तोंडामागे काय आहे ते दिसते. घरी रेवती हसताना ओठांवर हात धरते आणि "आई, घूर मत ना यार" म्हणून उठून जाते. सफरचंद फोडी करूनच तिच्या डब्यात जाते. अर्जदाराला वेड लागले आहे असे आपणास वाटत असल्यास तिची त्याला हरकत नाही.

८. या ठिकाणी एक बाब आपल्या निदर्शनास आणणे भाग आहे. ती फिल्म उन्हाने काळी पडत चालली आहे. खालची ओळ अजून स्वच्छ दिसते, पण वर, समोरच्या दातांच्या मुळांच्या जागी, फिल्म करपल्यासारखी झाली आहे. अर्जदार रोज चढून पाहते. २५ ऑगस्टला, पहिला अर्ज दिला त्या दिवशी, उजव्या दाताच्या मुळाची एक कड दिसत होती. १० सप्टेंबरला, आपले पत्र आले त्या दिवशी, ती दिसत नव्हती.

आपण विचाराल, मग बाई, ओरबाडून का नाही नेलीत? चिकटपट्टी ती, दोन मिनिटांचे काम. श्याम म्हणालाच, "मैडम, मैं निकाल दूँ? किसको पता चलेगा." अर्जदाराने त्याला थांबवले आणि नियम सांगितला. ते खोटे होते. नियमाचे तिला त्या क्षणी काही पडले नव्हते. अर्ज केला की दिवस जातात, हे या कार्यालयात अर्जदाराइतके कोणाला ठाऊक आहे? तिला फिल्म हवी होती, आणि ती मिळू नये असेही तिला वाटत होते. त्यामुळे ती अर्ज करत राहिली आणि ऊन आपले काम करत राहिले.

९. म्हणजे मुद्दा (अ) आलाच : नियमाने केवळ वैद्यकीय प्रमाणपत्र पुरेसे असता अस्सल फिल्म का जोडण्यात आली?

तसे कारण तयार आहे. सासूबाई सुनंदाबाई म्हणाल्या होत्या, "जित्या लेकराचा सांगाडा घरात नको गं बाई, कुठेतरी बाहेर ठेव." हे कारण खरे आहे, आणि सासूवर ढकलणे सोपेही असते. पण सासूबाई बोलल्या त्याच्या आधीच अर्जदाराने मनात ठरवलेले होते. लक्ष्मीनगरहून परतताना गाडी बदलण्यासाठी ती यमुना बँक स्थानकावर उभी होती. तिथे उजेड चांगला असतो. तिने फिल्म पाकिटातून काढून उजेडाकडे धरली आणि पाहिली. वरचे समोरचे दोन दात शेजारच्यांपेक्षा तोकडे दिसले. आपल्याला काय कळते त्यातले, असे स्वतःला सांगून तिने फिल्म पाकिटात घातली, आणि दुसऱ्याच दिवशी रजेच्या अर्जाला टाचली. ते दात खरेच तोकडे होते की भीतीने तसे दिसले, हे अर्जदार शपथेवर सांगू शकणार नाही. परंतु पाहिले होते, हे नक्की. ती गेला महिनाभर ज्या उत्तरासाठी अर्ज करीत आहे ते तिने अडीच वर्षांपूर्वी फलाटावर उभे राहून पाहिलेले आहे.

भीती कसली, तेही आता लिहून टाकते.

१४ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीतील मराठी मंडळींची बस पानिपतच्या युद्धस्मारकावर, काला अंब येथे, गेली होती. रेवती तेव्हा आठ वर्षांची. कडाक्याची थंडी, धुके, आणि भाषण काही संपेना. पोर शाल ओढत "चलो ना, घर चलो ना" म्हणून रडत होती. बायका वळून वळून बघत होत्या. एकीने म्हटलेही, "अगं, हिंदीतच बोलते वाटतं?" अर्जदाराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिने रेवतीचा दंड धरून जोरात हिसका दिला. म्हणजे मी दिला. तिचे तोंड लोखंडी कठड्यावर आपटले. समोरचे दोन दात, नुकतेच आलेले, दुधाचे नव्हेत, कायमचे, आत दबले आणि रक्त आले. हेरंब पाणी आणायला गेले होते. ते परत आल्यावर मी म्हणाले, "पळत होती, पडली."

दात महिनाभरात घट्ट झाले. सगळे विसरले. रेवतीलाही आता आपण पळत होतो असेच आठवते, कारण विषय निघेल तेव्हा आईने तिला तसेच सांगितले आहे. तिच्या आठवणीत तो कठडा आहे, पळणे आहे, आईचा हात नाही. तो हात मी काढून घेतला.

लक्ष्मीनगरच्या दवाखान्यात छापील पत्रक भरून घेतले. एक रकाना होता : दातांना पूर्वी कधी मार लागला आहे का? अर्जदाराने सवयीने, सुवाच्य अक्षरात, "निरंक" लिहिले. जुलैत डॉ. सान्याल यांनी तोंडी विचारले. रेवती म्हणाली, "एक बार गिरी थी, पानीपत में. भाग रही थी." अर्जदार मध्येच बोलली, "तब छोटी थी, तीन-चार साल की. दूध के दाँत थे." डॉक्टरांनी ते लिहून घेतले. मग त्या सहज म्हणाल्या की बरे झाले, कारण कायमच्या दातांना मार बसलेला असला तर त्यांची मुळे लवकर झिजतात, कधी पुरती वाढलेलीही नसतात. अशा दातांना पहिल्यापासून अगदी हलका जोर द्यायचा असतो आणि सहा महिन्यांतच एक्स-रे काढायचा असतो. अर्जदाराने ऐकून घेतले, मान डोलावली, पर्स उचलली आणि मुलीला घेऊन घरी आली. तोंड तेव्हाही उघडले नाही. लक्ष्मीनगरच्या डॉक्टरांना तिने घरी येऊन खूप नावे ठेवली. त्यांनी दुसरा एक्स-रे काढला नाही, ही त्यांची चूक आहेच. पण तो का काढायला हवा होता, हे फक्त एका माणसाला माहीत होते.

१०. मुद्दा (क) : फिल्म आता कोणत्या प्रयोजनासाठी हवी, व ते प्रयोजन अन्य मार्गाने साध्य होईल काय?

होईल. फिल्मवर जे होते त्यातले डॉक्टरांना हवे ते आता बहुधा उरलेले नाही. जे उरले आहे ते या अर्जात लिहून दिले आहे. ७ ऑक्टोबरला डॉक्टर निर्णय घेतील तो खोट्या माहितीवर घेऊ नयेत, इतकेच आता महत्त्वाचे आहे. तरीही फिल्म काढून द्यावी, अशी विनंती आहे. काळी असली तरी चालेल. निर्लेखनाचा प्रस्ताव करण्याची गरज नाही. नोंदवहीतील अनुक्रमांक २१२ ची नोंद चुकीची असून ती वस्तू पडदा नाही, असे अर्जदार स्वतःच्या सहीने लिहून देण्यास तयार आहे, आणि चुकीच्या नोंदीबद्दल जी कारवाई होईल ती तिला मान्य राहील. फिल्मच्या जागी श्यामला झरोक्यासाठी एक खराखुरा पडदा मिळावा. दुपारचे ऊन खरेच डोळ्यांवर येते.

तसेच ७ ऑक्टोबर रोजी एक दिवसाची बालसंगोपन रजा मंजूर व्हावी. या वेळी अर्जासोबत रेवतीची कोणतीही फिल्म जोडलेली नाही.

हा खुलासा वाचून आपण अर्जदाराविषयी जे मत कराल ते करावे. तिने दिलेला मजकूर खरा आहे.

आपली नम्र व कसूरवार,
(सही)
कादंबरी हेरंब दिवेकर
अभिलेखपाल

सोबत :
१) नष्टीकरण यादी, एप्रिल २०२४, संबंधित पान.
२) जडवस्तू संग्रह नोंदवही, अनुक्रमांक २१२ ची छायाप्रत.
३) डॉ. सान्याल यांची चिठ्ठी, पुढील तारखेसह.

प्रत :
१) डॉ. मैत्रेयी सान्याल, मयूर विहार, यांना हिंदी गोषवाऱ्यासह, तातडीच्या कार्यवाहीसाठी. जुलैत आपणास सांगितलेले दुधाच्या दातांचे वाक्य कृपया खोडावे.

२) कु. रेवती हेरंब दिवेकर, इयत्ता दहावी, हिला माहितीसाठी. यातले निम्मे मराठी शब्द तिला कळणार नाहीत. ती कागद घेऊन अर्थ विचारायला येईल. अर्जदार त्या वेळी घरीच असेल, आणि तिला समोर बसवून परिच्छेद नऊ स्वतःच्या तोंडाने सांगेल.